करडी यादी : टपाल-सर्व्हरवरील तात्पुरत्या नकाराचे तत्त्व

अनाहूत ईमेल रोखण्याचे बहुतेक उपाय मजकूर वाचून निर्णय करतात. अशा उपायांना भाषा कळावी लागते. इंग्रजी नमुन्यांवर घडविलेली चाळणी मराठी पत्रापुढे सहज अडखळते. इव्हान हॅरिस यांनी २००३ मध्ये मांडलेली ‘ग्रेलिस्टिंग’ ही पद्धती मजकुराकडे पाहतच नाही. ती पाहते पाठविणाऱ्या यंत्राचे वर्तन. काळ्या आणि पांढऱ्या यादीच्या मधली ही करडी यादी होय. मराठीत ‘करडा’ हा शब्द रंगाप्रमाणेच कठोरपणाचाही वाचक आहे. परंतु ही यादी त्या दुसऱ्या अर्थाने करडी नव्हे, कारण ती हाकलून देत नाही, थांबावयास सांगते.

एसएमटीपी या टपाल-संकेतात, १९८२ च्या नियमावलीपासूनच, ‘४’ ने आरंभ होणारे उत्तर म्हणजे ‘तूर्त शक्य नाही’ आणि ‘५’ ने आरंभ होणारे म्हणजे कायमचा नकार, असा भेद आहे. नियम पाळणारा सर्व्हर पहिले उत्तर मिळताच पत्र रांगेत ठेवतो व काही वेळाने पुन्हा येतो. लक्षावधी पत्रे घाईने फेकणारी यंत्रे बहुधा परत येत नाहीत. ग्रेलिस्टिंग याच भेदाचा लाभ घेते. पाठविणाऱ्या यंत्राचा आयपी पत्ता, प्रेषक आणि प्राप्तकर्ता ही त्रयी नवी असेल, तर मजकूर स्वीकारण्यापूर्वीच तात्पुरता नकार दिला जातो. ठरलेल्या अवधीनंतर तीच त्रयी पुन्हा आली, की वाट मोकळी होते.

पोस्टफिक्स या सर्व्हरला ‘पोस्टग्रे’ हा साहाय्यक जोडता येतो. प्राप्तकर्त्याविषयीच्या निर्बंधांत त्याची जागा शेवटाकडे असावी. विद्यापीठाचे स्वतःचे जाळे व ओळख पटलेले सदस्य आधीच पुढे सोडावेत, परक्यांच्या पत्त्यांवरची पत्रे कायमची नाकारावीत, आणि उरलेल्यांबाबतच पोस्टग्रेचा सल्ला घ्यावा. हा क्रम चुकला तर आपलेच अध्यापक दाराशी खोळंबतात. मुळात त्याचा विलंब ३०० सेकंदांचा असतो, आणि परिचित त्रयी शेवटच्या भेटीपासून ३५ दिवस स्मरणात राहते.

हे ३०० सेकंद मात्र फसवे आहेत. पुन्हा केव्हा यावयाचे, हे पाठविणारा ठरवितो. २००८ ची नियमावली त्याला साधारणतः किमान ३० मिनिटे थांबावयास सांगते. प्रबंधाच्या परीक्षकाचे अखेरच्या दिवशी आलेले पत्र अर्धा तास उशिरा पोचले तर फारसे बिघडत नाही. दहा मिनिटांत कालबाह्य होणारा परवलीचा अंक मात्र वाया जातो. अशा प्रेषकांना सूट देणारी यादी प्रथमपासून ठेवणे अगत्याचे आहे. मोठ्या सेवा तर प्रत्येक प्रयत्न वेगळ्या पत्त्यावरून करू शकतात, आणि मग त्रयी जुळतच नाही. पत्त्याचा शेवटचा अंश न पाहण्याची पोस्टग्रेची रीत या अडचणीवर काही अंशीच पुरते.

अनाहूत पत्रे धाडणारी काही यंत्रेही आता परत येण्यास शिकली आहेत. तथापि मधल्या वेळात त्यांचा पत्ता एखाद्या काळ्या यादीत नोंदला जाण्याचा संभव असतो. म्हणून दुसऱ्या खेपेस ती यादी पुन्हा पाहावी. संस्थेचे दोन टपाल-सर्व्हर असल्यास दोघांवरही ग्रेलिस्टिंग हवे व त्यांची नोंदवही शक्य तर एकच हवी. अन्यथा अनाहूत पत्र मोकळ्या दाराने आत येते, आणि प्रामाणिक पत्र दोन्ही दारांशी नवखे ठरते.