घर दाखवण्याआधी

आमच्या दिवाडी बेटावर घर बघायला गिऱ्हाईक फेरीबोटीने येतं. पावसाळ्यात बंद राहिलेल्या घरात त्याला आधी भेटतो तो कुबट वास. म्हणून आम्ही आठवडाभर आधीच दारं-खिडक्या उघडतो, कपाटं भिंतीपासून हातभर सरकवतो. फुटकी कौलं बदलतो, भिंती वाळू देतो आणि मगच रंग काढतो. ओल्या भिंतीवरच्या रंगाचे पापुद्रे सुटतात. वाळवी लागलेला वासा मात्र झाकत नाही, दाखवतो. एक गोष्ट त्याहून महत्त्वाची. गोव्याच्या कायद्याप्रमाणे नवऱ्याला बायकोच्या संमतीशिवाय घर विकता येत नाही. सही आपलीही लागते. तेव्हा गिऱ्हाईक उंबऱ्यावर येण्याआधी घरात बसून बोलून घेऊया, आपल्याला खरंच विकायचंय का?