४३१००१ : एका पिनकोडातली संख्या आणि काही गैरसमज

छत्रपती संभाजीनगरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड ४३१००१. पत्ता बाजूला ठेवून निव्वळ पूर्ण संख्या म्हणून त्याकडे पाहिलं, तर संख्यांबद्दलचे बरेच समज तपासून घेता येतात.

‘शेवटी १ आहे, म्हणजे मूळ संख्या असणार.’ नाही. अंकांची बेरीज ९ येते, म्हणून ९ ने भाग जातो, उरतात ४७८८९. त्याच्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे पुन्हा ९ ने भाग, उरतात ५३२१. इथे बेरीज ११, तेव्हा ३ चा विषय संपला. ७, ११, १३ ने भाग जात नाही. १७ ने जातो आणि ३१३ उरतात. ती मूळ संख्या. म्हणजे ४३१००१ = ३⁴ × १७ × ३१३. मोठ्या संख्येला शेकडो भागाकार लागतात, ही भीतीही इथे टिकत नाही. ५३२१ हाती आल्यावर ७३ च्या आतल्या मूळ संख्या तपासल्या की पुरे.

‘टोटल नऊ, म्हणजे शुभ.’ गाडीचा नंबर घेताना शहराच्या एमएच-२० मालिकेतही हे ऐकू येतं. १०, १००, १००० यांना ९ ने भागलं की बाकी १ च उरते, म्हणून अंकांची बेरीज आपल्याला फक्त ९ ने भागल्यावरची बाकी सांगते. एक अंक उरेपर्यंत बेरीज करत गेलं, तर सलग नऊ संख्यांत एकीची टोटल नऊ येणारच.

‘हर्षद असणं हा संख्येचा अंगभूत गुण आहे.’ देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी, स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना हर्षद संख्या म्हटलं. ४३१००१ हर्षद आहे. शहरातल्या विद्यापीठाचा पिनकोड ४३१००४ सुद्धा : बेरीज १२, भागाकार ३५९१७. मधले ४३१००२ आणि ४३१००३ मात्र नाहीत. पण ४३१००१ द्विमान पद्धतीत लिहा. त्यात एक हा अंक दहा वेळा येतो, आणि १० ने या विषम संख्येला भाग जात नाही. हर्षदपण गेलं. ३, १७ आणि ३१३ हे अवयव मात्र कोणत्याही पद्धतीत तेच राहतात.

‘कोणतीही संख्या घ्या, शेवटी ६१७४ येते.’ हा समज मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो कापरेकरांच्या नावावर खपवला जातो. त्यांनी १९४९ मध्ये शोधलेला हा गुण चार अंकी संख्यांचा आहे, आणि चारही अंक सारखे नसावेत ही अट आहे. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढता क्रम वजा करायचा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. आपल्या सहा अंकी पिनकोडावर हे करून पाहा. ४३११०० वजा ००११३४ म्हणजे ४२९९६६. पुढे ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६. मग ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. इथून पुढे कितीही वजाबाक्या केल्या तरी याच सात संख्या आलटून पालटून येत राहतात. स्थिर अशी एक संख्या हाती लागत नाही.