‘नजर’ एक, शब्द दोन

पेण-रोह्याच्या तहसील कचेऱ्यांत आपल्याला दोन शब्द भेटतात: भाताची ‘नजरअंदाज पैसेवारी’ आणि वर्ग २ च्या जमिनीचा ‘नजराणा’. आपण म्हणतो, ‘नजर’ एकच. तसं नाही. मूळ अरबीत शब्द दोन. ‘जोय’ अक्षराची ‘नजर’ म्हणजे पाहणं. ‘जाल’ अक्षराचा ‘नज्र’ म्हणजे नवस. फारसीत दोन्ही अक्षरांचा उच्चार एक झाला आणि नवसावरून वरिष्ठाला द्यायची भेट असा अर्थ आला. मराठीत दोन्हींना एकच ‘ज’ मिळाला. म्हणून ‘नजर ठेवणं’ पहिल्यातलं, ‘नजर करणं’ दुसऱ्यातलं. आता व्यवहार बघू. पैसेवारी हा डोळ्यांचा अंदाज. नजराणा हे सरकारचं देणं. नाव भेटीचं आहे म्हणून आपण तो ऐच्छिक समजू नये. लागू असलेला नजराणा न भरता, परवानगीशिवाय जमीन विकली, तर तो शर्तभंग ठरतो.