नळीचे आटे आणि विमानाचे इंजिन

जानेफळच्या शिवारात विहिरीवर पंप बसविणाऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. पाणी ओढणाऱ्या नळीचा जोड हवा घेऊ लागला, की मोटार फिरते पण पाणी येत नाही. मग जोड उकलायचा, आट्यांवर ताग व सफेदा, किंवा अलीकडे टेफ्लॉनची पांढरी पट्टी गुंडाळायची आणि पाना चालवायचा. हाच जोड विमानाच्या इंजिनात असला तर काय करावे, ते आम्ही येथे सांगणार आहोत.

प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ साली ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. घरी विमान बांधणाऱ्यावर इंधनाच्या व तेलाच्या एकेका जोडाची जबाबदारी असते.

मुळात जोड गळतो का? नळीचे आटे निमुळते असतात; १६ इंच लांबीला व्यास १ इंच घटेल, असा त्यांचा उतार. आवळताना ते पाचरीसारखे रुततात. तरीही आट्याचे टोक व समोरची खाच यांत मळसूत्रासारखी फिरत जाणारी बारीक वाट उरते. लुकणाचे काम एवढेच, की ही वाट बुजवावी. चिरलेला जोड लुकणाने सांधत नाही.

पट्टीचा फाटलेला तुकडा पाण्याबरोबर वाफ्यात गेला तर कोणाचे काही बिघडत नाही. तोच कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात अडकला, तर इंजिन बंद पडते. म्हणून तेथे पेट्रोलला दाद न देणारे, मलमासारखे लुकण वापरतात. तेही थोडे, आणि टोकाकडील पहिले दोन आटे कोरडे ठेवून. साधे सिलिकोन इंधनाला चालत नाही. पेट्रोलने ते फुगते व सुटते.

दुसरी चूक जोराची. इंजिनाचे कवच बहुधा ॲल्युमिनियमचे. पाचर फार ठोकली की ते चिरते. हाताने बसेल तेवढे बसवून पुढे पान्याने दीड-दोन फेरे पुरतात. एल्बोचे तोंड जुळवण्यासाठी तो उलटा फिरवू नये. बुजलेली वाट पुन्हा मोकळी होते. उकलून, पुसून, नव्याने लावावा.

विमानात ३७ अंशांच्या उताराचे, कर्ण्यासारखे तोंड असलेले जोडही असतात. तेथे धातूवर धातू बसूनच गळती थांबते. आटे केवळ आवळण्यापुरते. त्यांना लुकण लावूच नये.

शेतातला पंप थांबला, तर धुऱ्यावर बसून जोड उकलता येतो. आकाशात धुरा नाही. आणि गळलेले पेट्रोल तापलेल्या धुराड्यावर पडले, तर आग. म्हणून इंजिन जमिनीवर चालवावे, बंद करून निवू द्यावे आणि प्रत्येक जोड पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावा. फडके ओले झाले, तर त्या दिवशी उड्डाण नाही.