क्लच गेला, चूक कोणाची?

बँकेतील नोकरीच्या काळात मी असंख्य वाहनकर्जांच्या कागदपत्रांवर सह्या केल्या. "आधी अटी वाचा, मग सही करा," असे प्रत्येक कर्जदाराला बजावण्याचा माझा परिपाठ होता. निवृत्तीनंतर स्वतःसाठी लहान मोटार घेतली, तेव्हा मात्र तिच्यासोबत आलेली वॉरंटीची पुस्तिका मी न उघडताच कपाटात ठेवून दिली. ती शोधण्याची वेळ अकरा महिन्यांतच आली.

साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी घाटाच्या चढावर इंजिनाचा आवाज वाढत होता, पण गाडीचा वेग वाढेना. पाठोपाठ काहीतरी जळल्याचा उग्र वास आला. गाडी कशीबशी घाट चढली. दुसऱ्या दिवशी सेवा केंद्रातील तरुणाने शांतपणे सांगितले, "काका, क्लच प्लेट गेली. ती झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत येत नाही. साधारण अकरा हजार रुपये खर्च येईल."

गाडी जेमतेम ९,४०० किलोमीटर चालली होती. वॉरंटी दोन वर्षांची होती. माझा पारा चढला. अशा प्रसंगी आपल्यापैकी बहुतेकांचा चढतोच. परंतु राग आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुढील आठवडाभरात मला उमगले. तो अनुभव वाचकांच्या उपयोगी पडावा, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

क्लच म्हणजे काय आणि तो का झिजतो?

इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याच्यासमोर स्प्रिंगच्या जोराने दाबणारी प्रेशर प्लेट असते. या दोहोंच्या मध्ये क्लच प्लेट असते आणि तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर असते. पेडल दाबले की पकड सुटते, सोडले की पकड बसते. पकड बसतानाच्या क्षणभरात अस्तर थोडेसे घासते. ही नैसर्गिक झीज होय. तो क्षण लांबवला, म्हणजे पेडल अर्धे दाबून गाडी चालवली, चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी रोखून धरली किंवा पाय सतत पेडलवर टेकवून ठेवला, तर अस्तर तापते, जळते आणि वर्षानुवर्षे टिकणारी वस्तू काही महिन्यांत संपते.

परंतु चालक निर्दोष असूनही क्लच अकाली जाऊ शकतो. इंजिनाच्या मागील बाजूच्या ऑइल सीलमधून तेल झिरपले, तर अस्तर तेलकट होऊन घसरू लागते. प्रेशर प्लेटची स्प्रिंग तुटते. प्लेटच्या मध्यभागातील लहान स्प्रिंगा निखळतात. केबलमध्ये आवश्यक तेवढी ढील ठेवलेली नसली, तर पाय पेडलवर नसतानाही क्लच पूर्ण पकड घेत नाही. यातील काही दोष कारखान्याचे असतात, काही सर्व्हिसिंगमधील हयगयीचे.

पायाने क्लच दाबावा न लागणाऱ्या लहान मोटारी २०१४ पासून आपल्याकडे रूढ झाल्या. त्यांतील अनेकांमध्ये क्लच असतोच, फक्त तो यंत्रणा दाबते. तिथे पेडलवर पाय ठेवल्याचा ठपका चालकावर ठेवता येत नाही. मात्र चढावर ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी जागच्या जागी थोपवली, तर तोही क्लच जळतो.

वॉरंटीची भाषा

पुस्तिका काढून वाचली. साहित्यातील किंवा बनावटीतील दोष असल्यास भाग दुरुस्त करून अथवा बदलून देऊ, असे वचन त्यात होते. पुढे अपवादांची यादी होती: ब्रेकचे पॅड, वायपरचे रबर, क्लचचे अस्तर आणि 'सामान्य वापरामुळे झिजणारे' इतर भाग. वादाचे सारे मूळ या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आहे. सेवा केंद्र म्हणते, अस्तर झिजले. ग्राहक म्हणतो, इतक्या लवकर झिजले याचा अर्थ दोष आहे. दोघेही अंदाजाने बोलत असतात. खरे उत्तर गाडीतून काढलेल्या सुट्या भागांवर लिहिलेले असते.

मी माझ्यासमोर क्लच उघडण्याचा आग्रह धरला. अस्तर दोन्ही अंगांनी सारखे झिजलेले होते आणि थेट रिबिटांपर्यंत पोहोचले होते. फ्लायव्हीलवर अतिउष्णतेने उमटणारे निळसर डाग होते. तेलाचा थेंबही नव्हता, स्प्रिंगा शाबूत होत्या. वयस्क मेकॅनिकने मला विचारले, "साहेब, सिग्नलला गिअर टाकूनच थांबता ना?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मी तसाच थांबत असे. शिवाय त्याच गाडीवर घरातील दोघे जण गाडी चालवायला शिकले होते. मी निमूटपणे पैसे भरले. तो न्यायच होता.

दुसरी बाजू

काही महिन्यांनी माझ्या एका कापड व्यापारी मित्राच्या गाडीचा क्लच चौदा हजार किलोमीटरवर गेला. "तुमचा ड्रायव्हर हाफ क्लचवर गाडी चालवतो," असे सेवा केंद्राने तोंडी सांगून टाकले. मित्र म्हणाला, "साहेब, साडीचा रंग गेला म्हणून गिऱ्हाईक आलं, तर मी आधी साडी हातात घेतो. पाण्याचा दोष की रंगाचा, ते कापड सांगतं. ही माणसं गाडी न उघडताच निकाल देतात!"

आम्ही दोघे गेलो. भाग समोर काढायला लावले. अस्तर तेलाने माखलेले होते आणि सीलमधून तेल पाझरल्याची स्पष्ट रेघ दिसत होती. आम्ही छायाचित्रे घेतली, जॉब कार्डावर ती नोंद करून घेतली आणि जुने भाग भंगारात टाकू नयेत असे लेखी दिले. कंपनीच्या मुख्यालयाला पत्र पाठवले आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांनी सील आणि क्लच दोन्ही विनामूल्य बदलून मिळाले. भाग त्याच दिवशी भंगारात गेले असते, तर आमच्या हाती केवळ राग उरला असता.

प्रकरण आयोगापर्यंत गेले तर

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तूची दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, पाच ते दहा लाखांच्या दरम्यान ते २०० रुपये आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. गाडी परगावी घेतली असली, तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील लावणे सक्तीचे नाही. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. इथेही पुन्हा प्रश्न तोच: तपासायला तो भाग शिल्लक आहे का?

अपेक्षाही माफक ठेवाव्यात. क्लचमधील दोषावरून सुरू झालेले मारुती उद्योग कंपनीविरुद्धचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे बंधन असेल, तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य ठरत नाही, असा निर्णय न्यायालयाने २००६ मध्ये दिला. विक्रेता आणि उत्पादक या दोन स्वतंत्र संस्था असू शकतात. म्हणून तक्रारीत दोघांनाही प्रतिपक्ष करावे.

व्यापारी कुटुंबांसाठी एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. घसारा मिळावा म्हणून आपण गाडी फर्मच्या नावाने घेतो. व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने 'ग्राहक' ठरत नाही, आणि प्रतिपक्ष हा आक्षेप हमखास घेतो. स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळलेली आहे. कंपनीच्या नावाने घेतलेली, पण संचालकाच्या वापरातील मोटार केवळ त्या कारणाने व्यापारी प्रयोजनाची ठरत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे. तरीही गाडी नफ्याच्या व्यवहाराशी निगडित आहे की घरच्या वापराची, हे प्रत्येक प्रकरणात पाहिले जाते. त्यामुळे बिलावर कोणाचे नाव घालायचे, हे केवळ करसल्लागाराच्या हिशेबाने ठरवू नये.

एवढे जरूर करावे

गाडी ताब्यात घेतल्याच्या आठवड्यातच वॉरंटीचे अपवाद वाचावेत. प्रत्येक सर्व्हिसिंगला क्लचची ढील तपासण्यास सांगावे आणि तशी नोंद घ्यावी. गाडी घसरू लागल्याचे, वास येऊ लागल्याचे प्रथम जाणवले, त्याच दिवशी लेखी कळवावे. नकार मिळाला तर तो लेखी, कारणासहित मागावा. भाग डोळ्यांदेखत उघडावेत, छायाचित्रे घ्यावीत आणि वाद मिटेपर्यंत जुने भाग जपावेत. त्याआधी बाहेरच्या गॅरेजमध्ये दुरुस्ती करून टाकू नये.

आणि सर्वांत आधी, सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, चढावर हँडब्रेक लावावा, डावा पाय पेडलवरून बाजूला घ्यावा. जो स्वतःची चूक तपासायला तयार असतो, त्याचीच तक्रार ठामपणे उभी राहते. माझ्या घरी आता वॉरंटीची पुस्तिका कपाटात नसून गाडीच्या खणातच असते, आणि अकरा हजारांची ती पावतीही तिच्यातच घडी करून ठेवलेली आहे.