कार्ड एक, भाडी अनेक

कंडक्टर समोर उभा राहिला की नेमके सुटे पैसे खिशात नसतात, हा अनुभव आपणा सर्वांचाच आहे. त्यावर तोड म्हणून काढलेल्या एका कार्डाची हकीगत आज सांगावयाची आहे. कार्ड अमेरिकेतले आहे. त्याचे नाव क्लिपर.

सान फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती नऊ परगणे वसले आहेत आणि त्यांत सार्वजनिक वाहतुकीच्या सुमारे 27 निरनिराळ्या संस्था आहेत. कोणी बस चालवते, कोणी आगगाडी, कोणी फेरीबोट. प्रत्येकीचे तिकीट वेगळे, सवलती वेगळ्या. 2006 साली तेथील प्रादेशिक वाहतूक आयोगाने ट्रान्सलिंक नावाचे एक कार्ड सर्वांसाठी खुले केले. 2010 मध्ये त्याचेच नाव क्लिपर झाले आणि हळूहळू 20 हून अधिक संस्था त्यात आल्या.

या कार्डात एक चिमुकली चकती व तारेचे वेटोळे असते. बॅटरी नसते. दारावरच्या यंत्रातून निघणाऱ्या रेडिओलहरींवरच चकती क्षणभर जागी होते, यंत्राला गुप्त खूण पटवते आणि शिल्लक रकमेतून भाडे वजा होते. हे सारे पापणी लवते न लवते तोच! यंत्र त्या व्यवहाराची नोंद ठेवते. नोंदी मध्यवर्ती हिशेबखान्यात जमतात आणि तेथून ज्याचे त्याला पैसे मिळतात.

मौज पुढेच आहे. सान फ्रान्सिस्को शहरातल्या बसचे भाडे कितीही लांब जा, एकच. बार्ट या जलद रेल्वेचे भाडे अंतरावर, म्हणून तेथे आत शिरताना व बाहेर पडताना दोन्ही वेळा कार्ड दाखवायचे. कॅलट्रेन या आगगाडीचे भाडे टप्प्यांवर. पण तिच्या स्थानकांना फाटकेच नाहीत. म्हणून चढताना यंत्र जास्तीत जास्त भाडे आगाऊ कापून घेई, आणि उतरल्यावर पुन्हा कार्ड टेकवले तर उरलेले परत करी. जो विसरला त्याचे पैसे गेले. विसरभोळ्यांकडून असा दंड घेणे मला काही न्याय्य वाटत नाही. पण यंत्राला तरी उतारू कोठे उतरला हे कसे कळावे?

खरा प्रश्न मात्र विसरभोळ्यांचा नाही. घराजवळ एका संस्थेची बस, पुढे दुसरीची रेल्वे, शेवटी तिसरीची बस, असे करीत कामावर जाणाऱ्या माणसाचे काय? कार्ड एकच, पण त्यातून भाडी तीन कापली जात. क्वचित थोडी सूट मिळे, इतकेच. त्याचा प्रवास एकच आहे, ही गोष्ट कार्डाला ठाऊकच नव्हती. तशी ती ठाऊक व्हावी म्हणून यंत्र सुधारून भागत नाही. आपले उत्पन्न किती घटेल आणि ती तूट कोणी सोसायची, हे संस्थांनी बसून ठरवावे लागते.

जर्मनीतील हँबुर्ग शहराने हे कार्डावाचूनच साधले. 1965 मध्ये तेथील वाहतूक संस्थांनी संघ स्थापन केला, भाड्याचा तक्ता एक केला, आणि जमलेला पैसा आपसांत वाटून घेतला. साध्या कागदी तिकिटावर हे चालले! सान फ्रान्सिस्कोच्या बाजूला हा दिवस उजाडायला डिसेंबर 2025 यावा लागला. नव्या पद्धतीत पहिले भाडे दिल्यापासून दोन तासांच्या आत दुसऱ्या संस्थेची गाडी धरली तर 2.85 डॉलरपर्यंत सूट मिळते, आणि तूट भरून काढण्यासाठी आयोगाने निधी बाजूला ठेवला आहे.

आपल्याकडे ऑक्टोबर 2025 मध्ये 'मुंबई वन' हे अ‍ॅप आले व 11 सेवांची तिकिटे एका ठिकाणी निघू लागली. खिडकीवरची रांग चुकली, हे चांगलेच झाले. लोकल, मेट्रो आणि बस असा प्रवास करणाऱ्याने मात्र महिनाअखेरीस आपल्या खर्चाची बेरीज एकदा मांडून पाहावी.