कॉलेजच्या गेटवरचं पत्रक आणि दावणीचं दूध

कॉलेज सुटायच्या वेळी गेटवर पत्रकं वाटणं हे चिकाटीचं काम आहे. मुलं घोळक्याने बाहेर पडतात, कुणी मोबाइलमध्ये, कुणी बस पकडायच्या घाईत. पत्रक हातात ठेवायला आणि एखादं वाक्य बोलायला मिळतात ते जेमतेम काही सेकंद. क्लासवाले, मोबाइलवाले आणि निवडणुकीतले उमेदवार हे वर्षानुवर्षं करत आले. गेल्या काही दशकांत त्यांच्या शेजारी आणखी एक जण येऊन उभा राहिला आहे. तो काही विकत नाही. जेवणाच्या ताटाबद्दल दोन मिनिटं विचार करा, एवढंच तो सांगतो. तो असतो व्हीगन चळवळीचा कार्यकर्ता.

व्हीगन माणूस मांस, मासे, अंडी खात नाही. शिवाय दूध, दही, तूप, मधही सोडतो. अनेक जण चामडं, रेशीम, लोकरही वापरत नाहीत. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मोजक्या मित्रांनी १९४४ मध्ये हा शब्द घडवला. शाकाहारी मंडळींमध्ये दुधाचा प्रश्न कुणी मनावर घेत नाही, ही त्यांची तक्रार होती. ऐंशी वर्षांनंतर भारतात नेमका तोच प्रश्न सगळ्यांत अवघड ठरतो आहे.

पत्रकांना मोहिमेचं रूप आलं ते अमेरिकेत. मॅट बॉल आणि जॅक नॉरिस या दोन तरुणांनी १९९३ मध्ये पुढे ‘व्हीगन आउटरीच’ म्हणून ओळखली गेलेली संस्था सुरू केली आणि २००३ मध्ये ‘एक कॉलेज दत्तक घ्या’ अशी योजना आखली. कार्यकर्त्याने एक कॉलेज निवडायचं आणि तिथे पुन्हा पुन्हा जाऊन पत्रकं वाटायची. कॉलेजच का? घराबाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी तिथे पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने जेवायला लागते, आणि वाद घालायला तिथे सोबतीही भेटतात. आता ही संस्था भारतातही काम करते. मुंबईत ‘पेटा इंडिया’ २००० पासून आहे. पुण्यात ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ त्याहून जुनी, १९७४ पासूनची. पाकिटबंद खाद्यपदार्थांवर दिसणाऱ्या हिरव्या ठिपक्यासाठी पाठपुरावा करणाऱ्यांत ती पुढे होती. हा ठिपका २००१ च्या नियमांमुळे आला. पण त्याच्या हिशेबात दूध शाकाहारीच. म्हणून व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम करावे लागले. ते २०२२ मध्ये निघाले आणि पाकिटावर हिरव्या ‘व्ही’ अक्षराचं वेगळं चिन्ह आलं.

तरीही हे सगळं परदेशातून आलेलं खूळ आहे, असं समजण्याचं कारण नाही. लंडनमध्ये शिकणाऱ्या गांधीजींना फॅरिंग्डन स्ट्रीटवरच्या शाकाहारी खानावळीत हेन्री सॉल्ट यांची पुस्तिका मिळाली. तोवर आईला दिलेल्या वचनामुळे ते मांस टाळत होते; पुस्तिका वाचून ते विचाराने शाकाहारी झाले. कलकत्त्यात गायी-म्हशींवर दुधासाठी होणारे अत्याचार कळल्यावर त्यांना दुधाची किळस आली आणि १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडलं. पुढे १९१८ च्या मोठ्या आजारपणात डॉ. दलालांनी दुधाचा आग्रह धरला, कस्तुरबांनी बकरीचं दूध सुचवलं आणि गांधीजींनी ते घेतलं. व्रताचा शब्द पाळला, पण त्याचा आत्मा मारला, ही बोच त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने नोंदवली आहे.

महाराष्ट्राकडे तर कागदाशिवाय केलेल्या प्रचाराचाही दाखला आहे. गाडगेबाबा जत्रांमध्ये जाऊन, कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत, देवापुढे कोंबडं-बकरं कापण्याच्या प्रथेवर तुटून पडत. श्रोत्यांच्याच बोलीत बोलत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. वारकऱ्यांमध्ये माळ घातली की मांस-दारू सुटते, हे गावोगावी सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे जिवाच्या दयेपोटी जेवण बदलणं मराठी माणसाला नवं नाही. नवं आहे ते दुधाबद्दल बोलणं.

इथेच लासूर स्टेशनसारखं गाव महत्त्वाचं ठरतं. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, पोटूळ आणि दौलताबादच्या आधी, गंगापूर तालुक्यातलं हे बाजारपेठेचं गाव. बाजार समितीत कांद्याची आवक, भोवताली कापूस आणि मका. इथून छत्रपती संभाजीनगरच्या कॉलेजांत शिकायला जाणाऱ्या मुलांपैकी अनेकांच्या घरी दावणीला एखादी म्हैस किंवा संकरित गाय असते. पाऊस दगा देतो, कांद्याचा भाव पडतो, तेव्हा डेअरीला घातलेल्या दुधाचे पैसे किराण्याला आणि कधी कॉलेजच्या फीलाही उपयोगी पडतात. अशा मुलाच्या हातात ‘दूध सोडा’ असं पत्रक पडलं, तर त्याला त्यात वासराच्या आधी आईचा हिशेब दिसणार.

पत्रकातली बाजू खोटी नाही. गाय दूध देते ती व्यायल्यावर, म्हणून तिला पुन्हा पुन्हा गाभण ठेवावं लागतं. कालवड किंवा वगार झाली तर घरात आनंद. जर्सी-होल्स्टीनचा गोऱ्हा किंवा म्हशीचा टोणगा झाला की प्रश्न उभा राहतो. ट्रॅक्टर आल्यापासून बैलाचं काम घटलं, आणि संकरित गोऱ्ह्याला तर औताला विचारणारं कुणी नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातली गायींची संख्या वाढली आणि बैल-वळूंची सुमारे तीस टक्क्यांनी घटली, त्यात हे सगळं आलं. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू कापण्यावरही बंदी आहे; म्हशी-रेडे तिच्यात येत नाहीत. कायद्याने वाट बंद केली, पण नकोशा जनावराला चारा कुणी घालायचा याचं उत्तर दिलं नाही. ते ओझं शेतकऱ्याच्याच गोठ्यात राहिलं.

आणि त्या शेतकऱ्याला तरी दुधातून काय मिळतं? १ जून २०१७ ला गोदाकाठच्या पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला तेव्हा रस्त्यावर ओतलेलं दूध सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. दर इतके पडले की २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावं लागलं. भारत जगात सर्वाधिक दूध काढणारा देश आहे. वर्षाला साधारण २४ कोटी टन. पण पेंडीचा भाव, फॅटची कपात आणि भाकड काळातला खर्च वजा केला की छोट्या गोठ्यात शिल्लक फार राहत नाही. वासरू आणि शेतकरी हे दोघेही या धंद्यात कमकुवत बाजूला आहेत. व्हीगन पत्रकाने हे मान्य केलं, तर शेतकऱ्याचं पोर ते पुढे वाचेल.

दुसरा कठीण प्रश्न जातीचा. नमुना नोंदणी सर्वेक्षणाच्या २०१४ च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात सुमारे चाळीस टक्के लोक शाकाहारी, म्हणजे बहुसंख्य नाहीत. शाकाहार श्रेष्ठ आणि मांसाहार हलका, ही उतरंड इथे जातीच्या उतरंडीला चिकटून आली. आयआयटी मुंबईत २०२३ मध्ये वसतिगृहाच्या मेसमध्ये ‘फक्त शाकाहारींसाठी’ अशा पाट्या लागल्या, पुढे काही टेबलं राखून ठेवली गेली आणि निषेध करणाऱ्या एका विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. देशभर चर्चा झाली ती ताटात काय आहे यापेक्षा शेजारी कोण बसतं, यावर. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ ज्यांनी वाचलं आहे, त्यांना मराठवाड्यातल्या दलितांच्या स्वयंपाकघरामागचा इतिहास माहीत आहे. वाट्याला जे आलं त्यातून त्यांनी चव उभी केली. त्या घरातल्या मुलीला पत्रक देताना आवाजात शुद्ध-अशुद्धाचा वास आला, की संवाद तिथेच संपतो. तसं पाहिलं तर व्हीगन विचार तुपाच्या ताटालाही तोच प्रश्न विचारतो, जो मटणाच्या ताटाला विचारतो. ही समानता कार्यकर्त्यांनी आधी सांगायला हवी.

पत्रकाने खरंच काही बदलतं का? नुसत्या पत्रकाबद्दलचे पुरावे कच्चे आहेत. चर्चेबद्दल मात्र एक चांगला प्रयोग आहे. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड विद्यापीठात १,३३२ विद्यार्थ्यांचे दोन भाग केले. एकाने मांसाहाराच्या नैतिकतेवर लेख वाचून गटात चर्चा केली, दुसऱ्याने दानधर्मावर. नंतर कॅन्टीनच्या पावत्या तपासल्या. पहिल्या गटाची मांसाहारी खरेदी ५२ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आली, दुसऱ्या गटाची होती तिथेच राहिली. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. परिणाम लहान आहे, पण पावत्यांवर मोजलेला आहे.

आरोग्याबद्दलही सरळ बोलायला हवं. संपूर्ण वनस्पतिजन्य आहारातून बी-१२ जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही. ते गोळीने किंवा बी-१२ घातलेल्या पदार्थांतून घ्यावं लागतं. पत्रकं वाटणारे जॅक नॉरिस पुढे रीतसर आहारतज्ज्ञ झाले आणि हीच गोष्ट ठासून सांगू लागले. बदामाचं किंवा ओटचं दूध शहरातल्या दुकानात साध्या दुधाच्या कितीतरी पट महाग असतं, तेव्हा लासूरच्या मुलाला ते सुचवण्यात अर्थ नाही. त्याच्या घरात बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची नि जवसाची चटणी, मटकीची उसळ आणि तुरीचं वरण आहेच. वरची तुपाची धार आणि चहातलं दूध सोडलं, तर अर्धं जेवण आधीच व्हीगन आहे.

तेव्हा मराठवाड्यातल्या कॉलेजसाठी पत्रक छापणाऱ्यांनी इंग्रजी मजकुराचा अनुवाद करत बसू नये. मराठीतच लिहावं, बी-१२ ची ओळ ठळक छापावी, दोन म्हशींवर घर चालवणाऱ्याला पर्याय काय, यासाठी चार ओळी राखाव्यात आणि पत्रकाच्या शेवटी चर्चेची जागा आणि वेळ द्यावी. त्याआधी एकदा सकाळी दूध संकलन केंद्रावर जाऊन दूध घालायला आलेल्या माणसांशी बोलून घ्यावं. आणि ज्याच्या हातात हे पत्रक पडेल त्याने ते चुरगाळण्याआधी वाटणाऱ्याला थांबवून एक तरी अवघड प्रश्न विचारावा.